कातळावरची बॉलिंग आणि बुटांचे तीन जोड

बॉलिंगसाठी बूट कोणते घ्यावेत, हा प्रश्न मला शाळेतल्या मुली विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, आणि वाडीत टेनिस बॉलच्या टुर्नामेंट खेळणारी पोरंही विचारतात. मी मध्यमगती टाकते, मुलींना शिकवते आणि माझं जवळजवळ सगळं क्रिकेट रत्नागिरीच्या आसपास झालंय. म्हणून हे मत या हवेतलं आणि या जमिनीवरचं आहे. मुंबई-पुण्याच्या टर्फवर खेळणाऱ्यांचा सल्ला तिकडे बरोबर असेलही. पण इथे जांभा आहे, खारी हवा आहे आणि चार महिने कोसळणारा पाऊस आहे. आपल्याकडे बुटांचं अर्धं आयुष्य तर पावसाळ्यात कपाटातच संपतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी पायावर काय येतं ते बघू. नुसतं धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. वेगवान बॉलर चेंडू सोडायला पुढचा पाय क्रीजवर आपटतो तेव्हा तो भार पाच-सहा पटींवर जातो, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे 50 किलोच्या मुलीच्या एका टाचेवर क्षणभर अडीचशे-तीनशे किलो. आणि हे ओव्हरमध्ये सहा वेळा, नेट्समध्ये तर त्याची मोजदादच नाही. शिवाय धावताना पाय पुढे निघून जातो, इथे तो जागेवर रोवायचा असतो. म्हणून धावण्याचे मऊ बूट घालून कुणी जोरात बॉलिंग करायला लागलं की मी थांबवते. त्यांचा सोल उंच आणि लुसलुशीत असतो, पाय आपटल्यावर तो एका बाजूला कलतो आणि घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. बॉलिंगच्या बुटाची टाच मागून कडक हवी आणि घोट्याला आधार हवा. टाचेखाली गादी हवी, पण पाय डोलेल इतकी मऊ नको.

माझ्याकडे सध्या तीन प्रकारचे जोड आहेत. पहिला घोट्यापर्यंत येणारा, पूर्ण सोलला लोखंडी स्पाइक्स असलेला. दुसरा हलका, पुढे चवड्याला स्पाइक्स आणि टाचेला रबर. तिसरा सगळा रबरी स्टडचा, म्हणजे सोलला रबराचे उंचवटे असलेला.

पहिला जोड जड आहे. दहा-बारा पावलांच्या रन-अपला ते जाणवतं, संध्याकाळपर्यंत पोटऱ्या भरून येतात. पण ओल्या सकाळी, दवाने भिजलेल्या गवतावर पाय टाकला की तो जिथे पडला तिथेच राहतो. तो भरवसा दुसऱ्या कुठल्याच बुटाने मला दिला नाही. त्याचा त्रास वेगळा. बूट जमिनीत रुततो, पण आतला पाय पुढे सरकतो आणि अंगठा नाळेच्या, म्हणजे बुटाच्या पुढच्या टोकाच्या, आतल्या बाजूला आदळतो. चार-पाच ओव्हर झाल्या की नख ठसठसतं, मग काळं पडतं. मोठमोठे फास्ट बॉलर पुढच्या पायाच्या बुटाला अंगठ्याशी भोक पाडून घेतात ते यासाठीच. आमच्या मुलींना मी बूट कापायला सांगत नाही, लेस बांधायला शिकवते. सगळ्यात वर, घोट्याजवळ, बहुतेक बुटांना एक जादा भोक असतं आणि ते रिकामंच राहतं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास सोडायचा, दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावी लेस उजव्या फासातून, उजवी डाव्या फासातून काढून खाली ओढायची आणि गाठ मारायची. टाच मागे घट्ट बसते, पाय पुढे घसरत नाही. "बाई, बूट चावतात" म्हणत आलेल्या निम्म्या तरी मुलींचं गाऱ्हाणं एवढ्यानेच मिटतं, नवे बूट घ्यावे लागत नाहीत.

आरामात दुसरा जोड पहिल्याच्या कितीतरी पुढे. चवड्याला ऐसपैस, वर जाळी, पाय तापत नाही. लहानपणी अनवाणी फिरलेल्या आपल्याकडच्या पायांचे चवडे रुंद असतात, ते अरुंद बुटात कोंबले की करंगळीला फोड आलाच म्हणून समजा. न्यू बॅलन्ससारख्या काही कंपन्या एकाच लांबीत वेगवेगळ्या रुंदीचे बूट काढतात, ते मिळाले तर जरूर घालून बघावेत. एसिक्सच्या टाचेतल्या जेलचं बरंच कौतुक होतं आणि ते खरंच आहे, दणका कमी बसतो. पण बूट अरुंद असेल तर जेल असून उपयोग नाही. माझा क्रम आधी रुंदी, मग टाचेची पकड आणि सगळ्यात शेवटी गादी.

टिकण्यात मात्र हा हलका जोड लवकर हरतो. उजव्या हाताच्या बॉलरचा मागचा, म्हणजे उजवा पाय चेंडू सोडताना जमिनीवर फरफटत येतो. अंगठ्याच्या आतल्या कडेला, जिथे सोल आणि जाळी जुळतात, तिथे ही फरफट लागते. जांभ्याची लाल माती म्हणजे पॉलिश पेपरच. महिनाभरात तिथली कड पांढरी पडते, मग धागे दिसतात, मग आतला मोजा. घेतानाच त्या जागी रबराची किंवा जाड सिंथेटिकची नाळ वरपर्यंत चढवलेली आहे का, ते बघावं. नसेल तर मी नवा बूट एकदाही न घालता सरळ स्टँडजवळच्या मोचीकडे नेते. तिथले काका टायरच्या ट्यूबचा तुकडा कापून, कडा तासून आधी चिकटवतात आणि मग मेण लावलेल्या दोऱ्याने गोलाकार टाके घालतात. "नुसतं सोल्युशन लावून टिकायचं नाय बाई, टाके हवेतच" हे त्यांचं वाक्य मी प्रत्येक पालकाला ऐकवते. टाके सोलच्या वरच्या कडेतून गेले पाहिजेत. जाळीतून घातले तर जाळीच फाटते.

तिसऱ्या, रबरी स्टडच्या जोडाला दुकानात कुणी भाव देत नाही, पण कोकणात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, मैदानात वरची माती वीतभरही नसते, खाली कातळ. तिथे लोखंडी स्पाइक रुतत नाही, बूट उलट घसरतो आणि प्रत्येक स्पाइक खालून तळपायाला टोचतो. सिमेंटच्या विकेटवर मॅट अंथरलेली असेल तर स्पाइक्सने मॅट फाटते, म्हणून बऱ्याच ठिकाणी घालूही देत नाहीत. भात कापल्यावर खाचरात खेळतो तेव्हासुद्धा रबरच बरं. रबर झिजतं हे खरं, पण सगळीकडून सारखं झिजतं आणि झिजलेलं डोळ्यांना दिसतं. पुढच्या पायाच्या टाचेचे स्टड सपाट झाले की मी तो जोड बॉलिंगला वापरत नाही, फील्डिंगच्या सरावाला ठेवते.

आता पावसाळा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या काळात भिंती घामेजतात, चामड्याला हिरवी बुरशी येते, कपाटातल्या कोरड्या कपड्यांनाही वास येतो. बुटाचा वरचा भाग आणि खालचं रबर यांच्यामध्ये जो फेसासारखा थर असतो, तो साधारण दोन प्रकारचा. ईव्हीए हलका, सुरुवातीला छान, पण आपटून आपटून दबत जातो आणि एकदा बसला की पुन्हा फुगत नाही. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, जड असतो. तो दणका जास्त काळ झेलतो, म्हणून बॉलिंगच्या भक्कम बुटांत त्याला मान. पण नेहमीचा पीयू हवेतला ओलावा शोषतो आणि पाण्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. ही क्रिया बूट न वापरताही चालू राहते, उलट खोक्यात बंद ठेवलेल्या बुटाचे हाल जास्त. दसऱ्याला खोकं उघडावं, बूट वरून नवाकोरा दिसावा, आणि टाचेच्या बाजूला अंगठा दाबला की ओल्या रव्यासारखा चुरा हाताला लागावा! हा प्रकार मी माझ्या आणि मुलींच्याही बुटांत पाहिलाय. पालक म्हणतात, "अहो, चारदा पण घातले नव्हते." त्यात त्यांचा काही दोष नाही. अशा बुटाला टाके घालून फायदा नाही, कारण टाका धरायला खाली काही उरलेलंच नसतं.

म्हणून पीयूचे बूट घेतले तर ते वापरत राहा. मी जून ते सप्टेंबर आठवड्यातून एक-दोनदा ते घालून शाळेच्या हॉलमध्ये पायऱ्या-उड्यांचा व्यायाम करते, अर्थात स्पाइक्स काढून. स्पाइक्स मोसम संपताच चावीने उघडून ठेवायचे. खाऱ्या हवेत लोखंड आणि आटे गंजून एकजीव झाले की पुढच्या वर्षी चावी नुसती गोल फिरते आणि स्पाइकची खाच झिजून जाते. काढलेल्या भोकांत बोटाने थोडं व्हॅसलिन लावलं की पुरतं. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत धावायला हे बूट नेऊच नका, तिथे अनवाणी धावा. भिजलेले बूट असतील तर इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्र कोंबा आणि दोन तासांनी ते बदला. चुलीजवळ किंवा दुपारच्या उन्हात गाडीच्या काचेखाली वाळवले तर उष्णतेने चिकटवण सुटते आणि सोल पुढून तोंड उघडतो.

मुलींच्या मापाबद्दल मला पोटतिडकीने लिहायचं आहे. 2023 पासून विमेन्स प्रीमियर लीग चालू आहे, घराघरांत मुली बॉलिंग टाकताना दिसतात, आणि तरी एका मोठ्या दुकानात मला स्पाइक्स मागितल्यावर मुलांचा पाच नंबर पुढे केला. "हाच चालतो लेडीजना" म्हणे. चालत नाही. बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. मुलग्यांच्या साच्याचा बूट चवड्याला बसला तर टाचेला सैल राहतो, आणि बॉलिंगमध्ये टाच सैल म्हणजे सगळंच गेलं. घोटा, नडगी, पुढे कंबरसुद्धा. तरुण बॉलरच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका असतोच. तो एकट्या बुटाने टळत नाही. किती ओव्हर टाकायच्या आणि मध्ये किती विश्रांती घ्यायची, हे त्याहून महत्त्वाचं. पण निदान बुटाने त्यात भर तरी घालू नये.

या वर्षी आठवी-नववीतल्या मुलींना मी रबरी स्टडचेच बूट घ्यायला सांगितलंय. ईव्हीएचा सोल, नाळ वर चढलेली, कडेला शिवण दिसणारी. स्पाइक्स जिल्ह्याच्या संघात निवड झाल्यावर बघू. खरेदी दसऱ्यानंतर आणि संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. खेळायचे जाड मोजे सोबत न्यायचे. आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणार असाल तर पायाचं कागदावर काढलेलं माप पुरत नाही, मुलीलाच घेऊन जा. आणि दुकानदाराला खोकं दाखवायला सांगा. त्यावर बनवल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं. मागच्या पावसाळ्याच्या आधीचा माल असेल तर टाचेच्या बाजूला अंगठा जोरात दाबून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.