पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देताय? किल्ली देण्याआधी एवढं उरकून घ्या

अकरा महिन्यांच्या करारावरून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणीची गरज नाही, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं" हे तुम्हाला निदान दोघे तरी सांगतील. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधल्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घरात राहायची परवानगी देणारा, हाच तो अकरा महिन्यांचा) करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्यापेक्षा महागात पडते ती पुढची तरतूद: नोंदलेला करार नसेल, तर भाडं किती आणि अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं ठरवण्याचं काम तुमच्याकडे येतं.

उलट करार नोंदलेला असेल तर कलम २४ तुमच्या बाजूने उभं राहतं. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. हा रस्ता असताना वीज-पाणी तोडणं किंवा कुलूप बदलणं असले उद्योग करू नका. त्यात मालकच पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतो.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ते पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. समजा भाडं २५,००० रुपये, डिपॉझिट ७५,००० रुपये, मुदत ११ महिने. भाडं झालं २,७५,००० रुपये, व्याज ६,८७५ रुपये. शुल्क सातशेच्या थोडं वर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. शिवाय दस्त हाताळणीचे थोडे पैसे आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी. ही रक्कम निम्मी-निम्मी वाटून घ्यायची पद्धत आहे, पण ते आधीच बोलून ठेवा.

अंगठा देण्याआधी मसुदा शब्दन् शब्द वाचा. एजंट जुन्याच करारात नावं बदलून आणतात आणि मागच्या घराचं क्षेत्रफळ किंवा पार्किंग तसंच राहून जातं. नोंदणीनंतर चूक काढायची तर पुन्हा दुरुस्तीचा दस्त करावा लागतो. तारखा, सदनिका क्रमांक, डिपॉझिट कोणत्या तारखेला कोणत्या व्यवहार क्रमांकाने आलं, लॉक-इन (म्हणजे करार मध्येच मोडता येत नाही तो काळ) किती महिने, नोटीस किती, पोटभाडेकरूला मनाई, हे सगळं त्यात हवं. तीन मुलं किंवा मुली मिळून राहणार असतील तर तिघांचीही नावं घाला आणि पूर्ण भाड्याची जबाबदारी तिघांवर एकत्रित ठेवा. एकाचंच नाव असेल आणि तोच नोकरी बदलून बेंगळुरूला गेला, तर उरलेले दोघे कोणत्या कागदावर राहतायत याचं उत्तर तुमच्याकडे नसतं. दुरुस्तीची रेषाही आकड्यात लिहा: हजार रुपयांपर्यंतची किरकोळ कामं भाडेकरूची, त्यावरची आणि पाइप-वायरिंगची मालकाची.

परदेशी राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ऑनलाइन नोंदणीत आधारवर अंगठा जुळवावा लागतो, म्हणून इथे असतानाच भरवशाच्या माणसाला कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीने सही-अंगठा करायचा अधिकार) करून द्या. आणि मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने त्यातून ३० टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) आणि वर उपकर कापायचा असतो. हे बोलणी करतानाच सांगा, नाहीतर बिचारा नंतर अडकतो.

आता घर. रंग, साफसफाई सगळे करतात. बाथरूम कोणी तपासत नाही. खालच्या फ्लॅटवाल्यांकडे जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत एकदा पाहून या. तिथे ओल असेल तर वॉटरप्रूफिंग आत्ताच करा. राहत्या घरात टाइल्स उखडायच्या म्हणजे भाडेकरूला आठवडाभर बाहेर काढणं आलं, आणि तेवढ्या दिवसांचं भाडं मागायला तुम्हाला तोंड राहत नाही. बोअरचं पाणी असेल तर गिझर उघडून क्षार काढून घ्या.

सामान द्यायचं तेवढंच द्या, जे मोडलं तर वाईट वाटणार नाही. आजीचं शिसवी कपाट भाड्याच्या घरात ठेवू नका. जे ठेवाल त्याची यादी करा: पंखे किती, ट्यूब किती, एसीचे रिमोट, किल्ल्यांचे जोड. ही यादी कराराला परिशिष्ट म्हणून जोडा. किल्ली देताना दोघांनी मिळून फोनवर सलग व्हिडिओ काढा: प्रत्येक नळ सोडून, फ्लश ओढून, खिडक्या उघडून. वीज आणि पाइप गॅसच्या मीटरचे फोटो त्याच दिवशी एकमेकांना पाठवा. वीजबिल तुमच्याच नावावर राहतं, म्हणून तुमचा मोबाइल नंबर तिथे जोडलेला असू द्या. थकबाकी पहिल्याच महिन्यात कळते.

सोसायटीला करार आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्या. भाडेकरूची माहिती राज्य पोलिसांच्या पोर्टलवरून ऑनलाइन देता येते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे ना-वापर शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तसा राज्य सरकारचा आदेश २००१ पासून आहे. मागणी जास्त आली तर सेक्रेटरींना शांतपणे तो दाखवा. गृहकर्ज चालू असेल तर कर्जकरारातली भाड्याची अटही वाचा.

पुण्यात मालमत्ता कराचा हिशेब वेगळा धरा. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका ४० टक्के सवलत देते; भाड्याने दिलं की ती जाते. भाडं ठरवतानाच हा फरक मोजा. प्राप्तिकरात मात्र भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या न दाखवता.

डिपॉझिटवरून भांडण होतं ते बहुधा रंगावरून. दोन वर्षांनी भिंत मळणारच, तो खर्च तुमचा. फुटलेलं बेसिन किंवा जाळीला पडलेलं भगदाड भाडेकरूचं. घर सोडायच्या आठवडाभर आधी जाऊन जुना व्हिडिओ समोर ठेवून पाहणी करा, म्हणजे दुरुस्ती त्याला स्वतःच करून देता येते. शेवटचं वीजबिल आलेलं नसतं, तेवढ्यासाठी अंदाजे रक्कम राखून बाकी डिपॉझिट किल्ली परत घेतानाच बँकेतून पाठवा.