दिवसातून एकच बस

एकटीने, सावकाश आणि मोठ्या शहरांपासून दूर प्रवास करायचे ठरवले, तेव्हा अशा प्रवासाला फारशी तयारी लागत नसावी असा माझा समज होता. प्रत्यक्षात उलटेच निघाले. मोठ्या शहरात एक बस चुकली तर थोड्या वेळात दुसरी येते आणि राहण्याची जागा पसंत पडली नाही तर शेजारी दुसरी मिळते. लहान गावात यांतले काहीच गृहीत धरता येत नाही, त्यामुळे घाई नको असेल तर मोकळा वेळ आधीपासूनच राखून ठेवावा लागतो.

माझा पहिला आराखडा २१ दिवसांत ९ गावांचा होता. बहुतेक गावांत दोन रात्रींचा मुक्काम कागदावर निवांत वाटत होता. पण दोन रात्री म्हणजे मध्ये एकच पुरा दिवस, आणि त्यातलाही बराचसा पुढच्या बसची चौकशी करण्यात जातो, हे माझ्या लक्षात आले नव्हते. चौथ्याच दिवशी तो आराखडा कोलमडला. पुढच्या गावाची बस दिवसातून एकदाच सुटत असे, आणि शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी ती धावत नाही, ही वेळापत्रकाखालची बारीक अक्षरांतली तळटीप मी वाचलीच नव्हती. अडीच तास थांब्यावर बसल्यावर एका वाटसरूने मला ते सांगितले. आधीच्याच खोलीत आणखी एक रात्र मिळाली, पुढच्या मुक्कामाचे आगाऊ भरलेले पैसे मात्र बुडाले.

आदल्या दिवशी ज्या दुकानदाराने माझ्याशी हिशेबापुरतेच बोलणे केले होते, त्याने मला पुन्हा पाहून स्वतःहून चौकशी केली आणि पुढच्या गावाला ओढ्याच्या काठाने पायवाट जाते, असे सांगितले. अंतर १२ किलोमीटर, चढ सुमारे ३६० मीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा मला ठाऊक होता: तासाला साधारण ५ किलोमीटर धरावेत आणि चढाच्या दर ६०० मीटरमागे एक तास वाढवावा. त्या हिशेबाने ३ तास पुरायला हवे होते; मला साडेचार लागले, कारण या ठोकताळ्यात विश्रांतीचा वेळ धरलेला नाही आणि माझ्या पाठीवर ११ किलोचे ओझे होते. तेव्हापासून जे उत्तर येईल त्याची दीडपट करायची आणि निम्म्याहून अधिक वाट दुपारपूर्वी संपवायची, असे मी ठरवून टाकले. (त्या ११ किलोंतले ४ किलो मी पुढच्याच टपाल कार्यालयातून घरी पाठवले, त्यात तीन जाड पुस्तके होती, ज्यांचे एकही पान मी उलटले नव्हते.)

याच वाटेवर फोनविषयीचे माझे अज्ञानही उघडे पडले. फोनला आपले ठिकाण उपग्रहांच्या संकेतांवरून कळते, त्यासाठी नेटवर्क लागत नाही; परंतु नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल, तर कोऱ्या पडद्यावरच्या ठिपक्याचा काही उपयोग नसतो. शिवाय नेटवर्क क्षीण असले की फोन ते सतत शोधत राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. मी रोज संध्याकाळी बहिणीला निरोप पाठवत असे. त्या दिवशी तो गेला नाही आणि तिने रात्र जागून काढली. मग आम्ही नियम बदलला: निरोप न येणे ही काळजीची गोष्ट मानायची नाही, मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही तो आला नाही, तर तिने शेवटच्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन करायचा. त्यासाठी तिथला क्रमांक तिच्याकडे आधीच दिलेला असे.

एकटेपणाचा त्रास मला चालताना कधी झाला नाही. तो व्हायचा अंधार पडल्यावर, आणि प्रत्येक नव्या गावातली दुसरी संध्याकाळ सर्वांत जड जायची, कारण नवलाई ओसरलेली असायची आणि ओळख अजून झालेली नसायची. त्या संध्याकाळी निघून जाण्याची इच्छा इतकी प्रबळ होई की मी वेळापत्रक काढून बसत असे. चौथ्या दिवशी ती इच्छा आपोआप विरून जाई. दोन-दोन रात्रींचा माझा मूळ आराखडा प्रत्येक गाव नेमके त्याच्या सर्वांत वाईट क्षणी सोडायला लावणारा होता, हे समजल्यावर मी उरलेली गावे ६ वरून ३ वर आणली.

ती निवडताना आधी मी लोकसंख्या पाहिली. इटलीतील ओर्व्हिएतो येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या चित्तास्लो या संथ शहरांच्या चळवळीत ५०,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावांनाच सभासदत्व मिळते, म्हणून तो आकडा मला सोयीचा वाटला. माझ्या अनुभवात तो अपुरा ठरला. महामार्गावरचे छोटे गावही दिवसभर धावपळीत असते. त्यापेक्षा गावातून बाहेर पडणाऱ्या बसगाड्या मोजणे अधिक उपयोगी पडले.

शेवटच्या गावात मी ६ रात्री राहिले. पोहोचताच परतीच्या बसची वेळ चालकालाच विचारली, सुट्टीच्या दिवसाचीही विचारली, ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली, आणि ते पान पुन्हा उघडले ते सहाव्या रात्री सामान आवरताना.