राणीच्या बागेतलं म्युझियम

भायखळ्याला राणीच्या बागेत लोक पेंग्विन बघायला गर्दी करतात आणि भाऊ दाजी लाड म्युझियमसमोरून सरळ पुढे निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. बाहेरून इमारत तशी साधीच वाटते, पण आत पाऊल टाकलं की बघतच राहतो आपण, पायाखाली इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या रंगीत टाइल्स, उंचच्या उंच ओतीव लोखंडाचे खांब, हिरवा रंग आणि वर छतापर्यंत सोनेरी नक्षी, मान दुखेपर्यंत वर बघत होते मी!

१८६२ ला पाया घातला, मग १८६५ ला शेअर बाजार कोसळला, पैसे आटले आणि उघडायला १८७२ उजाडलं. त्या काळचे मुंबईतले डॉक्टर आणि अभ्यासक भाऊ दाजींनी यासाठी एवढी धडपड केली, पण त्यांचं नाव द्यायला १९७५ साल यावं लागलं, हे फार आधी व्हायला हवं होतं.

वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईतल्या माणसांचे मातीचे छोटे पुतळे आहेत, एकेकाची पगडी नीट बघा. बाहेर घारापुरीचा दगडी हत्तीपण आहे, पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरूनच, मुलांना नक्की दाखवा. फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं.