तीन जोडांचं पाकीट

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चार पावलांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा एक क्लास भरतो. तिथे मी अंकगणित शिकवतो. रविवारी सकाळी सराव चाचणी, दुपारी त्याच पेपरची उकल. नमुना एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेचा: १०० प्रश्न, ६० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. एका प्रश्नाला ३६ सेकंद.

मोठ्या घातांची बाकी हा माझा सगळ्यात आवडता पाठ. २ चा १०० वा घात म्हणजे ३१ अंकी संख्या. पोरं बघूनच दचकतात. मी म्हणतो, ७ ने भागायचंय ना? मग संख्या विसरा, नुसत्या बाक्या मांडा. २, मग ४, मग ८ ची १. पुन्हा २, ४, १. तिनाचा फेरा. १०० ला ३ ने भागलं की १ उरतो, म्हणजे फेऱ्यातली पहिली बाकी, २. झालं. पुढे ५ चा १०१ वा घात भागिले ६. ५ म्हणजे ६ ला एक कमी, म्हणून −१ धरा. घातांक विषम, −१ च राहिला, ६ मिळवले, बाकी ५. हे पहिल्यांदा उमजतं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकतात.

फ्रेंच गणिती फर्माने १६४० साली एका पत्रात लिहिलेला नियमही मी सांगतो. भाजक मूळ संख्या असेल आणि पायाला तिने भाग जात नसेल, तर भाजकाहून एकाने कमी घात घेतला की बाकी १. म्हणून २ चा १०० वा घात भागिले १०१, बाकी १. यातली अट मी वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतो. बाजारात मिळणाऱ्या ट्रिकच्या पुस्तिका नेमकी अटच गाळतात आणि त्याचा मला मनापासून राग आहे. घाईत मुलांना नियम तेवढा आठवतो, तो कुठे लागू पडत नाही हे कुणी सांगितलेलंच नसतं.

गेल्या रविवारी ६४ वा प्रश्न होता: २ चा १०० वा घात भागिले ६, बाकी किती? पर्याय ०, १, २, ४. मी उत्तरतालिका वाचत होतो. “चौसष्ट, दोन,” म्हटलं आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. एरवी ती तोंड उघडत नाही. दिव्याहून येते, वडील याच रस्त्यावर फुटपाथला मोजे विकतात.

“सर, चार येते.”

“कशी गं?”

“सर, आमच्याकडे पाकिटात तीन जोड असतात, म्हणजे मोजे सहा. तुम्ही वरखाली दोनाने काटलंत म्हणजे मोजे सोडून जोड मोजायला घेतलेत. पाकिटं भरून दोन जोड उरले. पण विचारलंय मोजे किती उरले. चार.”

मी फळ्याकडे वळलो. १६ भागिले ६, बाकी ४. दोनाने काटलं तर ८ भागिले ३, बाकी २. भागाकार दोन्हीकडे २ च येतो, बाकी मात्र निम्मी होते. ती परत दुप्पट करायची असते. फेरा मांडला तरी तेच: २, ४, २, ४, सम घातांकाला ४. पर्याय नुसते नीट पाहिले असते तरी चाललं असतं. सम संख्येला ६ ने भागून बाकी १ येऊच शकत नाही. ० तर नाहीच, कारण दोनाच्या कुठल्याही घाताला ३ ने भाग जात नाही. उरतात २ आणि ४, आणि पेपर काढणाऱ्याने नेमका तिथेच सापळा लावलेला असतो. त्यात आमची तालिकाच पडली होती.

तो प्रश्न आणि त्याचं उत्तर आमच्या जुन्या प्रश्नपेढीतलं. एका ज्येष्ठ सरांनी कधीतरी ‘काटून टाका’ या पद्धतीने सोडवलेलं, मग कुणीतरी टाईप केलेलं. उत्तरपत्रिका मशीन तपासतं, त्यामुळे तालिकेतली चूक कुणाच्या नजरेसमोर येतच नाही. पण पेपर लावण्याआधी सगळे प्रश्न स्वतः सोडवून बघणं हे माझं काम होतं. ते मी केलं नाही.

मी वर्गासमोर तिची माफी मागितली, सगळ्यांचे गुण दुरुस्त केले. घरी जाताना लोकलमध्ये मात्र मागच्या वर्षीचा एक मुलगा आठवला. हाच प्रश्न तेव्हाही लावला होता. दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला, “सर, चौसष्टचं उत्तर एकदा बघता का?” मी पुढच्या बॅचला चाललो होतो. “तालिका तपासलेली असते रे, तू परत करून बघ,” म्हणालो आणि वर गेलो.

सोमवारी गठ्ठ्यातून त्याची उत्तरपत्रिका शोधली. ६४ ला चौथा पर्याय काळा केलेला. गुण ७४. आमच्याकडे ७५ च्या वर असणाऱ्याला निम्मी फी माफ होते. त्याचे गेलेले पाव परत आले असते आणि वर एक मिळाला असता, सव्वापंच्याहत्तर. पुढच्या महिन्यापासून त्याने क्लास सोडला होता. ऑफिसात विचारलं तर जुना हिशोब आता उघडता येत नाही म्हणाले. मुलांकडून एक दिवस उशिरा आलेल्या फीचा हिशोब बरोबर उघडतो.

त्याला फोन केला. तो कुठेतरी रस्त्यावर होता, मागे हॉर्न वाजत होते. निम्मी फी मी स्वतः देतो, परत ये, म्हणालो. त्यावर तो काही बोलला नाही.

“घरी जाऊन ४, १६, ६४, २५६, सगळे भागून बघितले होते सर,” तो म्हणाला. “सगळीकडे चारच. मग वाटलं, तालिकेत छापलंय म्हणजे मलाच काहीतरी कळत नसेल.”