कोल्हापूर, वाडी, खिद्रापूर, मिरज, सांगली: नातलगांच्या घरांवरून जाणारा एक दिवस

कोल्हापूरहून सकाळी निघून नरसोबाची वाडी, खिद्रापूर, मिरज आणि सांगली करून रात्री परत येता येते. वाटेतले फाटे आणि गावातल्या फेऱ्या धरून अंतर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरांच्या घरात जाते. गाडी चालवण्याच्या दृष्टीने हा दिवस मुळीच अवघड नाही. अवघड असते ते वेळापत्रक, कारण या पट्ट्यात कोणाच्याही घरी नुसत्या चहावर सुटका होत नाही. म्हणून नकाशा उघडण्यापूर्वी दुपारचे जेवण कोणाच्या घरी हे ठरवावे, ते बाकीच्या सर्व घरी आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगावे आणि मग त्या घराभोवती दिवस बेतावा. आमचे जेवण मिरजेला आत्याकडे ठरले होते, त्यामुळे वाडी आणि खिद्रापूर आधी व सांगली नंतर हा क्रम आपोआप आला.

आम्ही पौषातला बुधवार निवडला. गुरुवारी, शनिवारी, रविवारी आणि विशेषतः पौर्णिमेला वाडीत मोठी गर्दी असते व गाडी लावण्यातच बराच वेळ जातो. जुलै आणि ऑगस्ट मात्र या मार्गासाठी टाळलेलेच बरे. शिरोळ तालुका कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचा आहे; 2019 आणि 2021 च्या महापुरांत येथील कित्येक गावांचा संपर्क तुटला होता, आणि एरवीच्या पावसाळ्यातही नदीकाठचे रस्ते व लहान पूल पाण्याखाली जातात. पावसाळ्यात जाणे अटळ असेल, तर ज्यांच्या घरी जायचे त्यांनाच सकाळी फोन करून पाणी कुठवर आले आहे ते विचारावे.

न्याहारीला कोल्हापुरातच मिसळ खाल्ली. उद्यमनगरातील फडतरे यांच्याकडे गर्दी असतेच, तेव्हा तेथे जायचे असेल तर लवकर जावे. ते जमले नाही तर कोल्हापुरात चांगल्या मिसळीसाठी फार हिंडावे लागत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगण्याजोगी गोष्ट अशी, की येथे मिसळीबरोबर पावाऐवजी बहुधा स्लाइस ब्रेड येतो आणि वरून घ्यायच्या तिखट रश्श्याला कट म्हणतात. कट मागाल तेवढा मिळतो, पण पुढे तीन घरे आणि एक बासुंदी शिल्लक आहे हे लक्षात ठेवून दोघांत एक मिसळ घेणे शहाणपणाचे. माझ्या पत्नीने हा सल्ला दिला आणि मी तो मानला. दिवसभरात त्याचा फार उपयोग झाला.

शिरोलीवरून सांगली रस्त्याला लागलो की हातकणंगले मागे टाकून जयसिंगपूर येते. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेली ही पेठ आहे, आणि तिचे आखीव चौक व सरळ रस्ते आजही ते सांगतात. अलीकडे ऊस परिषदेमुळे तिचे नाव दर हंगामात बातम्यांत येते. येथे माझा महाविद्यालयातील मित्र राहतो. आम्ही जेवायला थांबणार नाही हे त्याला आधीच कळवले होते, तरी त्याच्या आईने पोहे आणि चहा पुढे ठेवलाच. "काकू, आत्ताच मिसळ खाऊन आलोय," या म्हणण्यावर त्यांनी "मग थोडेच देते," असे म्हणून तेवढेच पोहे वाढले. अशा वेळी वाद घालू नये. निघताना भडंगाचा पुडा मिळाला. लसूण, शेंगदाणे आणि तिखट लावलेले हे चुरमुरे प्रवासात उत्तम, कारण ते सांडत नाहीत, विटत नाहीत आणि गाडीतल्या मुलांना गप्प ठेवतात.

जयसिंगपुराहून शिरोळमार्गे नरसोबाची वाडी अर्ध्या तासाच्या आत येते. दत्तपादुकांचे हे स्थान कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर, थेट घाटावर आहे. पूर येतो तेव्हा पाणी मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्या प्रसंगी तेथे स्नान करण्यासाठी लोक दुरून येतात आणि त्यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. हिवाळ्यात घाट मोकळा आणि कोरडा असतो, वृद्ध मंडळींना पायऱ्या उतरणे सोपे जाते. दुपारची महापूजा आणि प्रसाद हवा असेल तर खिद्रापूर नंतर ठेवावे. आम्हाला मिरजेला वेळेवर पोचायचे होते, म्हणून दर्शन घेऊन लगेच निघालो.

वाडीची बासुंदी तेथेच बसून खावी. ती घरी नेण्याचा मोह अनेकांना होतो, पण दिवसभर बंद गाडीत ठेवण्याचा हा पदार्थ नव्हे. न्यायचेच असेल तर पेढे आणि कवठाची बर्फी न्यावी. ही आंबटगोड बर्फी इतरत्र सहज मिळत नाही आणि चांगली टिकते. दुकाने ओळीने आहेत व प्रत्येक जण चव घेऊन पाहा म्हणतो. संकोच न करता चव घ्यावी, कारण कवठाचा आंबटपणा दुकानागणिक बदलतो.

वाडीतून कुरुंदवाड आणि पुढे उसाच्या फडांमधून खिद्रापूर. रस्ता अरुंद आहे आणि हंगामात ऊसतोडीच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर समोरून येतात, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नाही. कोपेश्वराच्या मंदिरासाठी मात्र वेळ हातचा राखून ठेवावा. बाराव्या शतकातले, शिलाहारांच्या काळातले हे मंदिर कर्नाटकच्या सीमेला लागून कृष्णेकाठी उभे आहे, आणि इतके मोठे शिल्पवैभव एवढ्या लहान गावात असेल अशी कल्पना बाहेरून येणाऱ्याला नसते. पुढच्या बाजूला स्वर्गमंडप आहे. त्याच्या छताच्या मध्यभागी मोठा वर्तुळाकार भाग मुद्दाम उघडा सोडलेला आहे, बरोबर त्याच्या खाली एक गोल शिळा आहे, आणि भोवती वर्तुळात खांब उभे आहेत; मंडपात एकूण 48 खांब. शिळेवर उभे राहून वर पाहिले की आकाशाचा गोल तुकडा दिसतो. बाहेरच्या भिंतींवर पायथ्याशी हत्तींची रांग आहे. पुराणवास्तूंचा कंटाळा असलेली आमची मुले त्या हत्तींशी बराच वेळ रमली, तेव्हा लहानांना घेऊन जाणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

शिवमंदिर असूनही येथे नंदी नाही. सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, तो नंदी म्हणून कर्नाटकातील यडूरला आहे. सतीच्या मृत्यूने कोपलेला शिव तो कोपेश्वर आणि त्याचा कोप शांत करणारा विष्णू तो धोपेश्वर, अशी कथा सांगतात. गाभाऱ्यात दोन्ही लिंगे आहेत. दगड दुपारी चांगलाच तापतो आणि आत अनवाणी जावे लागते, म्हणून अकराच्या सुमारास पोचणे चांगले. जेवणासाठी या गावावर अवलंबून राहू नये. पाणी बरोबर असावे.

तेथून परत शिरोळला येऊन अर्जुनवाडच्या पुलावरून आम्ही मिरजेत शिरलो. आत्याने कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी, ज्वारीची भाकरी, खर्डा, दही आणि वाटणाची आमटी केली होती. नदीकाठच्या मळीच्या रानातली ही वांगी पटकन शिजतात आणि त्यांत बी कमी असते. अशी भाजी मला या भागातल्या कोणत्याही हॉटेलात मिळालेली नाही, आणि ज्यांचे नातलग कृष्णेकाठी आहेत त्यांनी दुपारी हॉटेलात जेवण्याचा विचारही करू नये. आत्या पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे जेवून लगेच उठणे शोभत नाही, हे धरूनच दोन तास राखले होते. पोरांना वामकुक्षी मिळाली आणि मलाही.

उन्हे उतरल्यावर सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाळलेले भोपळे पंढरपूर भागातून येतात, ते कापून, भिजवून आकारात आणतात आणि मग त्यांवर लाकूडकाम होते. कारागीर काम करत असताना पाहू देतात, पण जवारी लावण्याचे, म्हणजे तारेचा नाद नीट घुमावा म्हणून घोडी घासून जुळवण्याचे, काम चालू असेल तर बोलू नये, कारण ते सगळे कानावर चालते. वाद्य विकत घ्यायचे असेल तर वेगळा दिवस काढावा. जवळच मीरासाहेबांचा दर्गा आहे. 1937 मध्ये निधन पावलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर त्याच्या आवारात आहे आणि दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ तेथे गाणे होते.

सांगलीत गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही हरिपुरात पत्नीच्या मामेभावाकडे पोचलो. हे गाव कृष्णा आणि वारणेच्या संगमावर आहे. पूर्वी सांगलीच्या बाजारातली हळद येथे जमिनीतल्या खोल पेवांत साठवत. 2005 च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवे निकामी झाली, असे त्याने संगमेश्वराच्या घाटावर बसून सांगितले. येथे फक्त चहा घेतला, आणि तोही अर्धा कप, हे या दिवसातले माझे एकमेव यश.

परतीचा रस्ता अंकलीच्या पुलावरून जयसिंगपूरमार्गे तोच आहे. हंगामात रात्री उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या मागे दिवे नसताना चालतात, काही वेळा नादुरुस्त होऊन रस्त्यातच उभ्या असतात. म्हणून सांगलीतून अंधार पडण्याआधी निघावे, आणि उशीर झालाच तर ओव्हरटेक करताना पुढे एकच ट्रॉली आहे असे धरू नये. कोल्हापुरात पोचल्यावर तांबडा-पांढरा रस्सा खाण्याइतकी जागा कोणाच्याही पोटात उरत नाही. त्यापेक्षा गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जावे: म्हशी समोर उभ्या असतात, धार पेल्यात काढून देतात, आणि एवढ्यावर रात्रीचे जेवण भागते.