गच्चीवरचा मेशटॅस्टिक नोड: 866 साठी कॅव्हिटी फिल्टर बसवला, रीडिंग्ज देतोय

मंडळी, पुण्यातल्या गच्चीवरच्या मेशटॅस्टिक नोडला (इंटरनेटशिवाय, रेडिओवरून छोटे मेसेज पाठवणारं यंत्र) शेवटी कॅव्हिटी बँडपास फिल्टर (धातूच्या पोकळ्यांचा, ठरावीक फ्रिक्वेन्सीच आत सोडणारा) बसला आणि फरक चांगलाच जाणवतोय. सविस्तर लिहितोय, कारण भारतात लोरा (कमी पॉवरचा, लांब पल्ल्याचा रेडिओ) चालवणाऱ्या आणि जवळ मोबाईल टॉवर असणाऱ्या कुणालाही हा त्रास होऊ शकतो.

आपला बिनपरवाना बँड 865 ते 867 मेगाहर्ट्झ (2021 पासून 868 पर्यंत), आणि 869 पासून मोबाईलच्या 850 बँडचं डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे जाणारा सिग्नल) सुरू होतं, म्हणजे मधे जागा जेमतेम. माझ्या समोरच्याच बिल्डिंगवर टॉवर आहे. नोडमधल्या एसएक्स1262 या रेडिओ चिपचा फ्रंट एंड (सिग्नल आत घेणारा भाग) तसा उघडाच असतो, शेजारचा दणकट सिग्नल सरळ आत शिरतो आणि लांबून आलेलं बारीक पॅकेट त्याखाली दबून जातं. ओळखायची खूण म्हणजे आरएसएसआय (आलेल्या सिग्नलची ताकद) बरा दिसतो पण एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) झोपलेला असतो. फिल्टर घ्यायच्या आधी आरटीएल-एसडीआरवर (कॉम्प्युटरला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर डोंगल) एकदा बघून घ्याच, पण गेन (सिग्नल वाढवायचं प्रमाण) कमी ठेवा, नाहीतर तो डोंगलच ओव्हरलोड होऊन नसलेले सिग्नल दाखवतो.

आता फिल्टर कुठला. ऑनलाइन मिळणारे "868" वाले स्वस्त सॉ फिल्टर (चिपसारखे छोटे फिल्टर) बहुतेक युरोपच्या बँडसाठी असतात, 863 ते 870 सगळं पास करतात, म्हणजे टॉवरची सुरुवातीची कडा त्यातून आरामात आत येते आणि पुढचा उतारही लगेच खाली जात नाही. एफएम आणि 900 बँड अडवायला ते ठीक आहेत, आपला खरा शत्रू 869 ला बसलाय. म्हणून चार पोलची (चार पोकळ्यांची) कॅव्हिटी घेतली, पासबँड (आत सोडायचा पट्टा) साधारण अडीच मेगाहर्ट्झ, मधोमध 865.875, कारण आपल्याकडे लाँगफास्टचा (मेशटॅस्टिकचं नेहमीचं सेटिंग) डीफॉल्ट चॅनल तिथेच पडतो.

ट्यूनिंगला वेळ द्यावा लागतो. नॅनोव्हीएनए (फिल्टर, अँटेना मोजायचं छोटं यंत्र) केबलच्या टोकाला कॅलिब्रेट केला, मग एस11 (फिल्टरवर आपटून परत येणारा सिग्नल) बघत एकेक स्क्रू अगदी केसभर फिरवायचा. लॉकनट आवळला की फ्रिक्वेन्सी पुन्हा सरकते, त्यामुळे स्क्रू डाव्या हातात धरून नट आवळत आवळतच ट्यून करावं लागतं, हे कुठल्या मॅन्युअलमधे वाचायला मिळालं नाही. शेवटी इन्सर्शन लॉस (आपल्याच सिग्नलची फिल्टरमधली घट) 1.8 डेसिबल, 869 ला साधारण 30 आणि 871 च्या पुढे 45 डेसिबलच्या आसपास रिजेक्शन (नको त्या सिग्नलची घट). जुना छोटा नॅनोव्हीएनए असेल तर 300 मेगाहर्ट्झच्या वर त्याची डायनॅमिक रेंज (किती बारीक सिग्नल मोजता येतो ती क्षमता) घटते, तेव्हा खोल रिजेक्शन कमी दिसलं म्हणून लगेच फिल्टरला नावं ठेवू नका.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार हवा. अ‍ॅल्युमिनियम दर डिग्रीला लाखात सुमारे 2.3 भाग प्रसरण पावतं, म्हणजे पहाटे आणि दुपारी डब्याच्या तापमानात 40 डिग्रीचा फरक पडला तर नुसत्या धातूच्या हिशेबाने फिल्टर जवळपास 0.8 मेगाहर्ट्झ खाली सरकतो. अडीचच्या पासबँडमधे हे बरंच झालं! म्हणून डबा पांढरा रंगवून टाकीच्या सावलीत ठेवलाय.

रिझल्ट असा: सिंहगडाच्या बाजूच्या नोडची पॅकेट्स आधी एसएनआर -15 च्या आसपास यायची, आता -9 ला येतात. लाँगफास्टला डीकोड व्हायची हद्द -17.5, त्यामुळे आधी जरा कुठे फेडिंग झालं (सिग्नल थोडा वेळ मंदावला) की पॅकेट गायब, आता रात्रंदिवस लिंक टिकते आणि हे बघताना फार समाधान वाटतं. बदल्यात ट्रान्समिट पॉवर 22 वरून 20.2 डीबीएम झालीय, म्हणजे 158 मिलीवॉटचे 105. हा सौदा मला मान्य आहे, पण ज्यांच्या जवळ टॉवर नाही त्यांना फिल्टरने नुसता तोटाच होईल. शिवाय टॉवरचा किंवा एखाद्या खराब एलईडी ड्रायव्हरचा जो कचरा थेट 866 वरच सांडतो, त्यावर कुठलाच बँडपास काही करू शकत नाही.

पुढच्या टप्प्यात नोड आणि फिल्टर एकाच डब्यात अँटेनाच्या लगेच खाली न्यायचाय. केबलमधे जाणारा डेसिबल वाचला तर फिल्टरने खाल्लेल्यातला थोडा तरी परत मिळेल.