घडीव तोफेचं मॉडेल: नववी कडी बसली

देवगिरीच्या महाकोट दरवाज्यातून आत गेलं की तोफा मांडलेल्या दिसतात. बहुतेक जण तिथं फोटो काढून वर मेंढा तोफेकडे निघतात. ती देखणी आहेच, पण ओतीव. माझा जीव अडकलाय तो घडीव लोखंडी तोफांत. अंगावरून बोट फिरवलं की कड्यांचे सांधे हाताला लागतात. आत उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर तापवून चढवलेल्या कड्या. अख्खी तोफ हातोड्याखाली तयार झालेली!

तिचंच 30 सेंटिमीटरचं मॉडेल दिवाळीपासून करतोय. 20 मिलीमीटरच्या गजाभोवती 12 पट्ट्या, प्रत्येक 3 मिलीमीटर जाड, 7 रुंद. दोन्ही कडा 15 अंशांत घासल्या तेव्हा कुठं त्या एकमेकींना भिडून बसल्या. नुसत्या कानशीकामात तीन रविवार गेले. मग वरून गोल घासून व्यास आणला 26 वर.

घोडं अडलं कड्यांपाशी. पहिल्या चार कड्यांचा आतला व्यास अर्धा मिलीमीटर कमी ठेवला, लालभडक तापवल्या, एकही चढेना. ठोकायला गेलो तर एक सांध्यातच उकलली. वैजापूरच्या आमच्या लोहारमामांनी ती हातात घेऊन पाहिली. "लई घट्ट केली तू. धाव तापल्यावर किती फुगती, ते आधी बघ की."

बैलगाडीच्या लाकडी चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं, तापवून चढवतात, तीच ही कला. घरी येऊन हिशेब मांडला. 600 अंशांनी तापली तर सव्वा मीटर व्यासाची धाव सुमारे 9 मिलीमीटर फुगते. माझी 26 मिलीमीटरची कडी जेमतेम 0.19! आणि मी तिच्याकडून अर्धा मिलीमीटर मागत होतो.

आता फरक फक्त 0.1 ठेवतो. कडी बरोबर तापली असेल तर चिमट्यातून सुटताच सरसर घसरत जागेवर जाते. हात मात्र चपळ हवा. सहावी अर्ध्या वाटेतच थंड होऊन आवळली, हॅकसॉनं कापूनच काढावी लागली. तिच्या जागी दुसरी केली. काल रात्री नववी बसली, शेजारच्या कडीला अगदी भिडून. मधे नखही जात नाही.

अजून 12 कड्या आहेत. त्यानंतर आतला गज ठोकून काढायचा. पट्ट्या आवळल्यात घट्ट, पण गजाला आधी तेल-काजळी चोपडली होती, त्यामुळे निघेल असं वाटतं. बत्ती देण्याचं भोक सगळ्यात शेवटी पाडणार.